चित्रावरून शहर उभारताना : बेलोत्तोची साक्ष किती मानावी?

दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झालेलं वॉर्सा अठराव्या शतकातल्या एका इटालियन चित्रकाराच्या चित्रांवरून पुन्हा बांधलं, ही गोष्ट प्रवासवर्णनांत आणि माहितीपटांत इतक्या वेळा येते की ती तपासून पाहायची गरज कुणाला वाटत नाही. तो चित्रकार म्हणजे बर्नार्दो बेलोत्तो. गोष्ट अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागावर बोलायला हवं, कारण मोसुल आणि अलेप्पोसारखी शहरं आपल्या डोळ्यांदेखत ढिगारे झाली आणि ती कशाच्या आधारावर उभी करायची हा प्रश्न पुन्हा समोर आला. अशा वेळी वॉर्साचा दाखला हमखास दिला जातो. दाखला देण्याआधी तिथे नेमकं काय घडलं ते नीट कळलं पाहिजे. माझं मत आधीच सांगतो. बेलोत्तोची चित्रं हे साक्षीदार आहेत, तेही उत्तम दर्जाचे. पण उलटतपासणीशिवाय साक्ष ग्राह्य धरायची नसते. आणि काय बांधायचं, काय गाळायचं हा निर्णय माणसांनी घेतलेला असताना तो चित्राच्या नावावर खपवणं तर अजिबात चालता कामा नये.

बेलोत्तो व्हेनिसचा. जोव्हान्नी आन्तोनियो कानाल (1697-1768), म्हणजेच कानालेत्तो, हा त्याचा सख्खा मामा. भाचा मामाच्याच चित्रशाळेत शिकला आणि 1738 मध्ये व्हेनिसच्या चित्रकारांच्या संघात दाखल झाला. रोम, फ्लोरेन्स, मिलान, तुरीन, व्हेरोना अशी शहरं रंगवून 1747 मध्ये तो ड्रेस्डेनला गेला. सॅक्सनी या जर्मन संस्थानाचा इलेक्टर, म्हणजे शासक, आणि पोलंडचा राजा असलेल्या तिसऱ्या ऑगस्टसने पुढच्याच वर्षी त्याला दरबारी चित्रकार नेमलं, वर्षाला 1750 थालर पगारावर. बेलोत्तो मामाचं नाव आपल्या सहीत जोडत असे, त्यामुळे जर्मनी आणि पोलंडमध्ये आजही कानालेत्तो म्हटलं की लोकांच्या मनात भाचाच येतो. वॉर्साच्या राजवाड्यातलं ‘कानालेत्तो दालन’ भाच्याचं आहे. तिथे मामाची चित्रं शोधत फिरणारे पर्यटक कमी नाहीत.

1756 मध्ये प्रशियाने सॅक्सनीवर हल्ला केला आणि सात वर्षांचं युद्ध सुरू झालं. बेलोत्तो व्हिएन्नाला आणि तिथून म्युनिकला गेला. 1760 मध्ये प्रशियाच्या तोफांनी ड्रेस्डेन भाजून काढलं, त्यात त्याचं घरही गेलं. परतल्यावर 1765 मध्ये त्याने क्रॉइत्सकिर्श या चर्चचा ढासळलेला मनोरा रंगवला : उभा चिरलेला दगडी सांगाडा, खाली पडलेला राबिट, शिड्यांवर चढलेले मजूर आणि बघ्यांची गर्दी. नासधूस झालेल्या शहराकडे इतक्या स्थिर नजरेने पाहणारं चित्र त्या शतकात क्वचितच सापडेल. दरम्यान 1763 मध्ये ऑगस्टस वारला आणि आश्रय संपला. 1766 च्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गला निघालेला बेलोत्तो वाटेत वॉर्साला थांबला. राजा स्तानिस्वाव ऑगुस्त पोन्यातोव्स्कीने त्याला ठेवून घेतलं, 1768 मध्ये दरबारी चित्रकार केलं, आणि 17 नोव्हेंबर 1780 रोजी तो तिथेच वारला. राजवाड्यातल्या एका दालनासाठी त्याने वॉर्साची जी मालिका रंगवली, तिच्यातली 22 चित्रं आज तिथे आहेत.

या चित्रांवर किती विसंबायचं हे ठरवण्याआधी ती कशी तयार होत ते समजून घ्यावं लागतं. शहराच्या अशा दृश्यचित्रांना इटालियनमध्ये वेदुता म्हणतात. वेदुता काढणाऱ्यांचं एक साधन होतं कॅमेरा ऑब्स्क्युरा. लाकडी पेटीच्या तोंडाशी भिंग, आत 45 अंशांत बसवलेला आरसा आणि वर घासलेली काच. काचेवर उमटलेली प्रतिमा पातळ कागदावर गिरवायची, आणि ऊन असेल तर डोक्यावर काळं कापड घ्यायचं. ‘ए. कानाल’ असं कोरलेली अशी एक पेटी व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात आहे. अडचण अशी की एका भिंगात दृश्याचा अरुंद पट्टाच नीट मावतो, कडेच्या रेषा वाकतात आणि धूसर होतात. म्हणून पेटी थोडी फिरवायची आणि दुसरा कागद घ्यायचा, मग तिसरा. व्हेनिसच्या अकादमी कलादालनात कानालेत्तोची वही आहे. तिच्यात कालव्याकाठच्या इमारती पानामागून पान अशा तुकड्यांनी उतरवल्या आहेत, वर घरांच्या खुणा आणि रंगांच्या टिपा आहेत. हे तुकडे जोडायचं काम मात्र चित्रशाळेत होई. तिथे पट्टीने आखलेल्या रेषा, ओल्या रंगात टोकदार हत्याराने ओढलेले चरे आणि कमानींसाठी कर्कटक असे. ब्रिटिश राजसंग्रहातल्या कानालेत्तोच्या रेखाटनांची अवरक्त किरणांखाली तपासणी झाली तेव्हा शाईखाली पेन्सिलीने आखलेली मांडणी दिसली. म्हणजे जागेवर पाहिलेलं आणि टेबलावर जुळवलेलं या चित्रांत एकजीव झालेलं असतं.

जुळवताना बदल होतातच, आणि ते लपवलेलेही नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात कानालेत्तोचं सान मार्को चौकाचं चित्र आहे. त्यात घंटामनोऱ्याच्या खिडक्या प्रत्यक्षापेक्षा कमी आहेत आणि झेंड्यांच्या काठ्या जास्त उंच. हे किरकोळ झालं. विद्वान संग्राहक आल्गारोत्तीसाठी त्याने केलेल्या चित्रात व्हेनिसच्या मोठ्या कालव्यावर सोळाव्या शतकातल्या पाल्लादिओ या वास्तुविशारदाने आखलेला, पण कधीच न बांधलेला रिआल्तो पूल आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना व्हिचेन्झा शहरातल्या इमारती आणून बसवल्या आहेत. चित्र इतकं पटण्यासारखं आहे की व्हेनिस न पाहिलेला माणूस ते खरं धरून चालेल. याच शाळेत बेलोत्तो घडला. त्यानेही अशी काल्पनिक दृश्यं रंगवली. त्याच्या हाताला काटेकोरपणा होता, पण काटेकोर हाताला कल्पितही तितक्याच काटेकोरपणे रंगवता येतं. नेमका हाच धोका आहे.

आता वॉर्सा. जर्मन ताब्याविरुद्ध 1944 मध्ये झालेल्या उठावानंतर जर्मन सैन्याने शहर ठरवून, रस्त्यांमागून रस्ते उडवलं. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे ऐतिहासिक गाभ्याचा 85 टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. 1945 मध्ये राजधानीच्या पुनर्बांधणीचं कार्यालय स्थापन झालं. त्याच्या ऐतिहासिक वास्तुविभागाची सूत्रं यान झाख्वातोविच यांच्याकडे होती. एका राष्ट्राची स्मृती पुसण्यासाठी शहर पाडलं गेलं असेल, तर ते पुन्हा उभं करणं हे त्याला दिलेलं उत्तर ठरतं, या भूमिकेपुढे मी नतमस्तक आहे. पुनर्बांधणी चूक होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. ती कशावरून केली, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

आज पोस्टकार्डांवर सगळ्यात जास्त दिसतो तो जुन्या शहराचा मुख्य चौक, 1953 मध्ये पुरा झालेला. बेलोत्तोच्या वॉर्सा मालिकेत या चौकाचं चित्रच नाही. नव्या शहराचा चौक त्याने 1778 मध्ये रंगवला, जुन्या शहराचा नाही. जुना चौक उभा राहिला तो प्रामुख्याने महायुद्धापूर्वी वॉर्सा पॉलिटेक्निकच्या वास्तुकला विद्यार्थ्यांनी एकेका घराची मापं घेऊन केलेल्या आराखड्यांवरून. हे आराखडे युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत शहराबाहेर नेऊन प्योत्रकूफमधल्या एका मठात दडवले होते, म्हणून वाचले. जोडीला छायाचित्रं होती, शाबूत राहिलेली तळघरं होती, ढिगाऱ्यातून वेचलेले कोरीव दगड होते. फीत हातात धरून पावसापाण्यात भिंती मोजणाऱ्या त्या विद्यार्थ्यांचं श्रेय गोष्ट रंगतदार व्हावी म्हणून चित्रकाराला देऊन टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

बेलोत्तोचा खरा उपयोग झाला तो चौकाबाहेर, क्राकोव्स्क्ये प्शेद्म्येश्चे या राजरस्त्यावर आणि मिओदोवा रस्त्यावर. ब्रानित्स्की राजवाड्याच्या माथ्यावरची शिल्पं त्याच्या चित्रावरून पुन्हा घडवली. अशा ठिकाणी चित्रावरून माप काढायची रीत साधारण अशी असते. आधी चित्रकार कुठे उभा होता ती जागा शोधायची. त्यासाठी जवळची आणि दूरची अशा दोन वास्तूंच्या कडा चित्रात जिथे एकमेकींना भिडतात, ती रेष नकाशावर ओढायची. अशा तीन रेषा एका बिंदूपाशी आल्या तर जागा पक्की. मग क्षितिजरेषा ठरवायची आणि छज्जे, पायऱ्या यांच्या रेषा लांबवून त्या क्षितिजावर कुठे मिळतात ते पाहायचं. पायाच्या भिंती जमिनीत शिल्लक असतील तर दर्शनी भागाची रुंदी खात्रीची मिळते, त्या रुंदीवरून उंची काढता येते. शेवटी खिडक्यांच्या रांगा मोजून त्या पायातल्या भिंतींच्या अंतरांशी जुळतात का ते तपासायचं.

बिघडतं ते पुढच्या कारणांनी. दृश्य दोन-तीन जागांवरून घेतलेल्या तुकड्यांचं असेल तर रेषा एका बिंदूत मिळतच नाहीत. डावीकडची घरं एक क्षितिज सांगतात, उजवीकडची दुसरं. कडेच्या इमारती ताणलेल्या असतात. रस्ता भारदस्त दिसावा म्हणून माणसं किंचित लहान काढली की मागचे वाडे मोठे भासतात. म्हणून माणसाच्या आकृतीवरून उंची कधीही काढू नये. बेलोत्तोला गडद, थंड सावल्यांची आवड होती, त्यामुळे सावलीतल्या दर्शनी भागाचे बारकावे पुष्कळदा अंदाजाने घ्यावे लागतात. रंगांचं तर विचारूच नका : जुनं वार्निश पिवळं पडतं, निळा उडतो, आणि मुळातही चित्रकाराने भिंतीचा रंग आकाशाशी जुळवून घेतलेला असतो. चित्रावरून दिलेला गिलाव्याचा रंग हा फार तर अंदाज आहे. इमारतीची मागची बाजू, अंगण आणि जिने चित्रात नसतातच.

ओळखीची खूणही फसवू शकते. वॉर्सातला झिग्मुंट स्तंभ 1644 चा, सुमारे 22 मीटर उंच, बेलोत्तोच्या चित्रात ठळक. मापासाठी यापेक्षा सोयीचं काय? पण त्याचा दगडी खांब एकोणिसाव्या शतकात बदलला, 1944 मध्ये पडला आणि 1949 मध्ये नव्या खांबासह उभा करताना त्याची जागाही थोडी हलली, कारण खालून नव्या हमरस्त्याचा बोगदा गेला होता. आजच्या स्तंभावरून बेलोत्तोच्या चित्रातली अंतरं काढणाऱ्याचं गणित सुरुवातीलाच चुकतं.

या सगळ्या तांत्रिक चुका दुरुस्त होऊ शकतात, माझा मुख्य आक्षेप मात्र निवडीवर आहे. 1939 चं वॉर्सा हे काही बेलोत्तोचं वॉर्सा नव्हतं. मध्ये दीडशेहून जास्त वर्षं गेली होती. उंच भाड्याच्या चाळी, सजवलेली दुकानं, नव्या शैलीची घरं उभी राहिली होती आणि लोक त्यांत राहत होते. पुनर्बांधणीत नोव्ही श्व्यात या रस्त्यावर ही उंच घरं तशी परत आली नाहीत. रस्ता बुटक्या, एकसारख्या अभिजात वळणाच्या घरांचा केला गेला. जुन्या शहरातही घरांमागचे दाट वाढलेले भाग पुन्हा न बांधता अंगणं मोकळी ठेवली. एकोणिसावं शतक म्हणजे भांडवलदारी गर्दी आणि बकालपणा, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची आणि बऱ्याच वास्तुतज्ज्ञांचीही धारणा होती. मोकळी हवा, ऊन आणि उद्यानं देण्याचा हेतू चांगला होता, तोही नाकारत नाही. पण हा निर्णय विसाव्या शतकातला होता. अठराव्या शतकाच्या चित्रांनी त्याला देखणं, निर्विवाद रूप दिलं. चित्र पुढे केलं की वाद संपत असे.

आणि चित्राच्या चौकटीत जे कधीच नव्हतं त्याचं काय झालं? युद्धापूर्वी वॉर्साच्या लोकसंख्येत सुमारे 30 टक्के ज्यू होते. त्यांच्या उत्तरेकडच्या वस्तीतलं बहुतेक जीवन एकोणिसाव्या शतकात बहरलेलं, त्यामुळे 1770 च्या दशकातल्या दरबारी चित्रमालिकेत ते असणं शक्यच नव्हतं. तिथली माणसं मारली गेली, घरं पाडली गेली. पुढे मुरानुफ ही नवी वसाहत त्याच ढिगाऱ्यावर, त्याच राबिटाच्या विटा वापरून बांधली गेली. बेलोत्तोने काढली नाही म्हणून ती वस्ती परत आली नाही, असं मी म्हणणार नाही. परत मागायला माणसंच उरली नव्हती. तरीही राजाने राजवाड्यासाठी करवून घेतलेल्या मालिकेला शहराची संपूर्ण स्मृती मानलं की राजाच्या नजरेबाहेरचं सगळं आपोआप गळतं. पोन्यातोव्स्की सुधारणावादी राजा होता आणि आपली राजधानी नीटनेटकी, युरोपच्या बरोबरीची दिसावी अशी त्याची इच्छा होती. चित्रांत बाजार आहेत, गाड्या, कुत्री, भिकारी, डागडुजी करणारे गवंडी आहेत, हे बेलोत्तोचं मोठेपण. पण कुठे उभं राहायचं हे दरबार ठरवत होता.

हीच गफलत व्हिएन्नात उलट्या दिशेने होते आहे. तिथे काही बांधायचं नाहीये, अडवायचं आहे. ऊर्ध्व बेल्व्हेडेअर राजवाड्यातून दिसणारं शहर बेलोत्तोने 1758 ते 1761 च्या दरम्यान रंगवलं. समोर बाग, डावीकडे कार्ल्सकिर्श या चर्चचा घुमट, उजवीकडे सालेसियानेरिनन चर्चचा, मधोमध सेंट स्टीफनचा मनोरा. हॉयमार्क्ट इथल्या 66 मीटर उंच इमारतीच्या प्रस्तावामुळे युनेस्कोने 2017 मध्ये व्हिएन्नाचा जुना भाग धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकला, तेव्हा विरोधकांच्या हातात ‘कानालेत्तोचं दृश्य’ हे मुख्य हत्यार होतं. माझी सहानुभूती विरोधकांकडे आहे. ती इमारत त्या घुमटांच्या मध्ये येऊ नये असंच मला वाटतं. पण बेलोत्तोने दोन्ही घुमट मधल्या मनोऱ्याकडे सरकवून दृश्य आवळून घेतलं आहे. प्रत्यक्ष खिडकीत उभं राहिलं तर ते जास्त पसरलेलं, जास्त सपाट दिसतं. चित्रालाच कायद्याची फूटपट्टी केली की विकासकाचा वकील पहिल्याच सुनावणीत ही तफावत दाखवणार आणि चांगला खटला कच्चा पडणार. त्यापेक्षा पाहण्याची जागा अक्षांश-रेखांश आणि डोळ्यांच्या उंचीसह ठरवावी, भिंगाचा कोन जाहीर करावा, कोणते घुमट आणि मनोरे मागे मोकळं आकाश ठेवून दिसलेच पाहिजेत त्यांची यादी करावी, आणि प्रत्येक भूखंडावर किती उंचीपर्यंत बांधता येईल ते त्यावरून आधीच काढून ठेवावं. चित्र ही त्या दृश्याच्या प्रतिष्ठेची साक्ष आहे, त्याच्या मापाची नाही.

चित्रावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, तसं ते फेकूनही देऊ नये, हे व्हेनिसमध्येच एका अभ्यासाने दाखवून दिलं. भरती-ओहोटीची यंत्राने नोंद तिथे 1872 पासून सुरू झाली. त्याआधी पाणी कुठवर होतं? पादुआचे हवामान-अभ्यासक दारिओ कामुफ्फो आणि त्यांच्या सहकाऱ्याने कानालेत्तो आणि बेलोत्तो यांच्या चित्रांत इमारतींच्या पायथ्याशी दिसणारी शेवाळाची हिरवी रेष मोजली. भरतीचं पाणी नेहमी जिथवर पोचतं तिथवरच ही रेष असते. जे दरवाजे आणि पायऱ्या आजही बदललेल्या नाहीत त्यांच्या तुलनेत जुन्या रेषेची उंची काढली, मग त्याच इमारतींवर जाऊन आजची रेष मोजली. यांत्रिक बोटींच्या लाटांमुळे आणि खोल केलेल्या कालव्यांमुळे शेवाळ जितकं वर चढतं तितकं वजा केलं. उत्तर आलं सुमारे 61 सेंटिमीटर, 11 सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे. त्यात समुद्राचं चढणं आणि जमिनीचं खचणं दोन्ही आलं. या अभ्यासातली शिस्त पाहा. त्यांनी अशी गोष्ट निवडली की जी बदलण्यात चित्रकाराचा काही फायदा नव्हता. ज्या इमारती बदलल्या त्या गाळल्या, आणि उत्तराबरोबर चुकीची मर्यादाही सांगितली. मनोऱ्याच्या उंचीबाबत कानालेत्तोवर मी विश्वास ठेवणार नाही, शेवाळाबाबत ठेवेन.

ड्रेस्डेननेही बरीचशी अशीच वाट धरली. फ्राउएनकिर्श हे चर्च 1945 मध्ये कोसळलं आणि 1994 ते 2005 या काळात पुन्हा उभं राहिलं, ते जुन्या मोजणी-आराखड्यांवरून, छायाचित्रांवरून आणि ढिगाऱ्यातला दगड न् दगड नोंदवून. बेलोत्तोच्या भव्य चित्रांनी (सव्वादोन मीटरहून रुंद आहेत ती) शहराला उमेद दिली, पण बांधकामाची मापं दगडांनी दिली. शेजारच्या नॉयमार्क्ट चौकात मात्र निवडक घरांचे दर्शनी भाग जुन्या रूपात आणि मागे आजचं काँक्रीट, असा प्रकार आहे, आणि तो मला पटत नाही.

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचं नववं कलम सांगतं की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. वॉर्साच्या बाबतीत ते शब्दशः पाळणं शक्य नव्हतं, शहर तर त्याच्या आधीच उभं राहिलं होतं. पण अंदाज कुठे केला हे सांगणं तेव्हाही शक्य होतं आणि आजही आहे. पुनर्बांधणी कार्यालयाचे कागद शाबूत आहेत. 2011 मध्ये युनेस्कोने ते जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत घेतले. क्राकोव्स्क्ये प्शेद्म्येश्चेवर बेलोत्तोच्या चित्रांच्या प्रती ठिकठिकाणी लावल्या आहेत, म्हणजे पाटीची सोयही तयारच आहे. त्या प्रतीखाली चार ओळी याव्यात : समोरच्या इमारतीचा कोणता मजला चित्रावरून घेतला, कोणता मोजणीच्या आराखड्यावरून, कोणता छायाचित्रावरून आणि कोणता अंदाजाने, आणि 1939 मध्ये इथे काय उभं होतं जे परत बांधलं नाही. शेवटच्या ओळीशेजारी त्या पाडलेल्या घराचं छायाचित्र लावावं, बेलोत्तोच्या चित्राच्याच आकाराचं.